पासवर्ड डेटाबेसमध्ये झाकला, लॉगमध्ये उघडा राहिला: सोलापुरातल्या सॉफ्टवेअरवाल्यांना खुलं पत्र

प्रति,
सोलापुरातल्या लहान-मध्यम सॉफ्टवेअर कंपन्यांचे मालक, टीम लीड आणि एकट्याच्या बळावर प्रोजेक्ट घेणारे डेव्हलपर,

सप्रेम नमस्कार.

पतसंस्थेची पिग्मी, होटगी रोडवरच्या दवाखान्याचं बिलिंग, साखर कारखान्याची ऊसनोंद, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याची हजेरी, पंढरपूरच्या लॉजचं बुकिंग. असली कामं तुम्ही करता. त्यामुळे जिल्ह्यातल्या माणसांचे मोबाइल नंबर, आधार, खातेक्रमांक आणि आजारपणंसुद्धा तुमच्या सर्व्हरवर आहेत. डेटाबेसची काळजी तुम्ही घेता, निदान घ्यायला हवी हे तुम्हाला ठाऊक असतं. पण हीच माहिती दुसऱ्या एका जागी गुपचूप साठत जाते आणि ती कुणाच्याच जबाबदारीत नसते. ती जागा म्हणजे लॉग, प्रोग्राम चालताना काय घडलं ते लिहून ठेवतो ती नोंदवही. लॉग फाइल डेटाबेसइतकीच जपा, आणि तेवढं जमत नसेल तर तिच्यात जपण्यासारखं काही जाऊच देऊ नका, एवढंच सांगायला हे पत्र आहे. दुसरा मार्ग पुष्कळ स्वस्त आहे, म्हणून पुढचं बहुतेक त्याबद्दलच आहे.

पासवर्ड मुद्दाम लॉगमध्ये लिहिणारा डेव्हलपर शोधून सापडणार नाही. तो तिथे आडवाटेनं पोचतो. ही आडवाट एकदा जवळून बघू.

पिग्मी ॲप घ्या. एजंट लॉगिन करतो, सर्व्हर ओटीपी तयार करून बल्क एसएमएस गेटवेला, म्हणजे मेसेज पोचवणाऱ्या सेवेला, रिक्वेस्ट पाठवतो. आपल्याकडच्या बऱ्याच गेटवेंची जुनी एपीआय (एका प्रोग्रामनं दुसऱ्याला काम सांगायची सोय) 'गेट' पद्धतीची आहे, म्हणजे सगळी माहिती पत्त्यातच जाते. एकाच यूआरएलमध्ये, म्हणजे वेब पत्त्यात, ऑथ-की (गेटवेला तुमची ओळख पटवणारी गुप्त की), सेंडर आयडी (पाठवणाऱ्याचं नाव), मोबाइल नंबर आणि 'आपला ओटीपी अमुक आहे' हा अख्खा मजकूर. एरवी यातलं काही तुमच्या लॉगमध्ये येत नाही. संध्याकाळी सगळे एजंट एकदम भरणा करायला बसतात, गेटवे मंदावतो, रिक्वेस्ट टाइमआउट होते. पीएचपीतली गझल ही एचटीटीपी लायब्ररी त्या वेळी जी एक्सेप्शन (बिघाडाची सूचना) फेकते, तिच्या मेसेजमध्ये 'कर्ल एरर २८' आणि त्यापुढे पूर्ण यूआरएल असतो. एक्सेप्शन कोडमध्ये कुठे पकडली नाही की लॅराव्हेल हे पीएचपीचं फ्रेमवर्क ती एरर पातळीवर लॉगमध्ये लिहून मोकळं होतं. म्हणजे लॉग लेव्हल (किती बारीक नोंदी लिहायच्या ते) डीबगवरून एररवर आणली तरी हे थांबत नाही. दर टाइमआउटला एक ओळ, आणि त्या ओळीत एजंटचा नंबर, ताजा ओटीपी आणि वर्षानुवर्षं न बदललेली ऑथ-की.

ओटीपी पाच-दहा मिनिटांत निकामी होतो, त्याचं फारसं नाही. की निकामी होत नाही. ती ज्याच्या हाती पडेल तो तुमच्या क्लायंटच्या नोंदणीकृत सेंडर आयडीवरून, मंजूर टेम्प्लेटमध्ये बसेल असा मेसेज पाठवू शकतो. बॅलन्स तुमचा जातो, आणि सभासदाला मेसेज येतो तो पतसंस्थेच्या नावानं.

आता ती ओळ कुठे कुठे फिरते ते बघा. शेअर्ड होस्टिंगवर सीपॅनेलमधून प्रोजेक्ट चढवताना अख्खा लॅराव्हेल प्रोजेक्ट पब्लिक-एचटीएमएल फोल्डरमध्ये टाकायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. डॉक्युमेंट रूट, म्हणजे वेब सर्व्हर जिथल्या फाइल्स बाहेर देतो ती जागा, प्रोजेक्टच्या आतल्या पब्लिक फोल्डरकडे वळवलेला नसेल, तर स्टोरेजमधली लॉग फाइल आणि पासवर्ड, की ठेवलेली डॉट-एन्व्ह फाइल दोन्ही ब्राउझरमध्ये पत्ता टाकून उघडतात. आजच तपासा. ऑफिसच्या वायफायवरून नको, मोबाइल डेटावरून. डोमेन, मग स्टोरेज, लॉग्ज आणि फाइलचं नाव. ४०४ किंवा ४०३ आलं तर ठीक. फाइल उघडली, तर तिच्यातली प्रत्येक की फुटलेली आहे असं धरूनच पुढचं काम करा. 'कुणी बघितली नसेल' याला आधार नाही, कारण हे ठरावीक पत्ते धुंडाळणारे बॉट दिवसरात्र फिरत असतात. दुरुस्ती म्हणजे डॉक्युमेंट रूट बदलणं. होस्टिंगवाला ते करू देत नसेल तर प्रोजेक्ट पब्लिक-एचटीएमएलच्या एक पायरी वर ठेवा, आत फक्त पब्लिक फोल्डरमधल्या फाइल्स टाका आणि इंडेक्स फाइलमधले पाथ त्याप्रमाणे सुधारा. वर्डप्रेसवाल्यांसाठी हाच प्रकार डब्ल्यूपी-कंटेंटमधल्या डीबग-डॉट-लॉगचा आहे. डीबग लॉग चालू केला की ती फाइल जिथे बनते ती जागा बाहेरून दिसते.

दुसरी वाट परवानग्यांची. 'परमिशन डिनाइड' आलं की स्टोरेज फोल्डरला सरसकट ७७७ देऊन टाकायचं, हा उपाय कुठल्याही यूट्यूब व्हिडिओत सापडतो. त्यानं सर्व्हरवरच्या प्रत्येक युजरला लॉग वाचता येतो आणि त्यात लिहिताही येतं. फोल्डरचा मालक वेब सर्व्हरचा युजर करा, फोल्डरला ७५०, फाइलला ६४० पुरतं, म्हणजे मालक आणि त्याचा गट सोडून इतरांना काही दिसत नाही. जुने लॉग बाजूला काढणाऱ्या लॉगरोटेटमध्ये नवी फाइल बनवतानाची परवानगीही ६४०च लिहा, नाहीतर पहिल्याच रात्री फिरून ६४४, म्हणजे सगळ्यांना वाचता येणारी, होऊ शकते.

तिसरी वाट सगळ्यात साधी, आणि तिच्याकडे लक्ष जात नाही. लॅराव्हेलच्या लॉग्ज फोल्डरमध्ये गिट-इग्नोर (गिटनं कोणत्या फाइल्स घ्यायच्या नाहीत त्याची यादी) आधीपासून असतं, म्हणून लॉग कोडच्या रेपोत जात नाही आणि आपण निर्धास्त राहतो. पण प्रोजेक्टची झिप करून नव्या मुलाला दिली, क्लायंटला पेन ड्राइव्हवर दिली, ड्राइव्हवर बॅकअप म्हणून टाकली, की गिट-इग्नोरचा काही संबंध उरत नाही. डिफॉल्ट 'सिंगल' चॅनल असेल तर ती फाइल पहिल्या दिवसापासूनची असते. 'डेली' चॅनल लावलात तर डिफॉल्टनं १४ दिवसांचे लॉग राहतात आणि जुने आपोआप जातात. एका शब्दाचा बदल आहे.

मूळ ओळीचा इलाज: गेटवे पोस्ट पद्धत आणि हेडरमधली की घेत असेल, म्हणजे यातलं काही पत्त्यात जात नसेल, तर तिकडे जा. घेत नसेल तर एक्सेप्शन पकडा, पण पकडून तिचा मेसेज पुन्हा लॉग करू नका, कारण सगळं त्या मेसेजमध्येच आहे. लॉगमध्ये जावं ते इतकंच: आपला अंतर्गत मेसेज क्रमांक, एरर कोड, किती मिलिसेकंद लागले. एसएमएस रांगेत टाकून पाठवत असाल तर फसलेली कामं साठवणारं फेल्ड-जॉब्जचं टेबलही बघा. तिथे एक्सेप्शन आणि जॉबचा पेलोड (त्या कामासोबतची माहिती) दोन्ही जसेच्या तसे पडून राहतात.

डेटाबेस एररचं दुखणं याच जातीचं. लॅराव्हेलची क्वेरी एक्सेप्शन आपल्या मेसेजमध्ये एसक्यूएल (डेटाबेसला दिलेला हुकूम) लिहिते, तेही प्रश्नचिन्हांच्या जागी खऱ्या किमती भरून. सभासद नोंदणीत मोबाइल नंबर आधीच असला आणि 'डुप्लिकेट एंट्री' आली, की नाव, पत्ता, आधार, पॅन, पासवर्डचा हॅश (त्याचं एकतर्फी बदललेलं रूप) अशी पूर्ण ओळ लॉगमध्ये उतरते. ज्या सभासदाची नोंदणी झालीच नाही, त्याचीही माहिती तुमच्याकडे राहिली. उपाय दोन. इन्सर्ट करण्याआधी डुप्लिकेट तपासा, आणि एक्सेप्शन हँडलरमध्ये क्वेरी एक्सेप्शन वेगळी काढून फक्त एसक्यूएल-स्टेट कोड, फाइल आणि ओळ क्रमांक लॉग करा.

सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडवाल्यांनी हसू नये. ॲक्सिऑस या एचटीटीपी लायब्ररीनं फेकलेला एरर ऑब्जेक्ट कन्सोलवर सबंध छापून बघा. त्याच्या कॉन्फिगमध्ये पाठवलेले हेडर असतात, म्हणजे ऑथोरायझेशन टोकन आलं. आणि डेटा असतो, म्हणजे फॉर्ममध्ये भरलेलं सगळं आलं. 'एरर प्रिंट केला' असं कोडमध्ये दिसतं, प्रत्यक्षात रिक्वेस्ट प्रिंट होते. एरर कोड, स्टेटस आणि क्वेरी (पत्त्यातला प्रश्नचिन्हापुढचा भाग) कापलेला पाथ एवढंच घ्या. पायथनमध्ये सेंट्रीसारखं एरर गोळा करणारं टूल जोडलं असेल तर ते स्टॅक ट्रेसच्या (एरर कुठल्या कुठल्या फंक्शनमधून आली त्या मागाच्या) प्रत्येक फ्रेममधले लोकल व्हेरिएबल्स डिफॉल्टनं सोबत नेतं. पासवर्ड नावाचं व्हेरिएबल ते टूल स्वतःहून झाकेल. 'पी१' नावाचं झाकणार नाही. लोकल व्हेरिएबल्स पाठवणं बंद करता येतं, करा.

लॉजच्या बुकिंगमध्ये ओळखपत्राचा फोटो बेस-६४ करून (साध्या अक्षरांत बदलून) जेसन या मजकूर-साच्यात पाठवायची सवय असते. मिडलवेअरमध्ये, म्हणजे प्रत्येक रिक्वेस्ट ज्यातून जाते त्या कोडमध्ये, पूर्ण रिक्वेस्ट बॉडी लॉग होत असेल तर फोटोही लॉग होतो. २ एमबीचा फोटो बेस-६४ मध्ये साधारण २.७ एमबी होतो. आषाढीच्या गर्दीत डिस्क भरते, साइट बंद पडते, आणि 'काय भरलंय बघू' म्हणून कुणीतरी ती कित्येक जीबीची फाइल लॅपटॉपवर उतरवतो. भाविकांची आधार कार्डं अशी एका लॅपटॉपच्या डाउनलोड्स फोल्डरमध्ये जाऊन बसतात.

आणखी एक जागा, जी फार थोडे लोक तपासतात. घाईत माणूस युजरनेमच्या रकान्यात पासवर्ड टाइप करतो. 'अमुक युजर सापडला नाही' असा लॉग तुम्ही इमानदारीनं लिहिता. पुढच्याच ओळीत त्याच आयपीवरून खऱ्या युजरनेमनं यशस्वी लॉगिन. दोन ओळी शेजारी ठेवल्या की जोडी जुळली. युजर अस्तित्वात नसेल तर टाइप केलेली किंमत लिहू नका, फक्त 'अनोळखी युजर', आयपी आणि वेळ.

हे फक्त लहान दुकानांत होतं असं नाही. मे २०१८ मध्ये ट्विटरनं जाहीर केलं की पासवर्ड हॅश होण्याआधीच एका अंतर्गत लॉगमध्ये लिहिले जात होते. तेव्हाच्या ३३ कोटींवर युजरना पासवर्ड बदलण्याचा विचार करायला सांगावं लागलं. डेटाबेसमध्ये पासवर्ड बीक्रिप्टनं हॅश केलेले होतेच. त्याच सुमारास गिटहबच्या पासवर्ड-रीसेटमध्येही तशीच चूक निघाली. मार्च २०१९ मध्ये फेसबुकनं कोट्यवधी पासवर्ड अंतर्गत यंत्रणेत वाचता येतील अशा स्वरूपात साठले होते हे मान्य केलं, आणि त्यासाठी सप्टेंबर २०२४ मध्ये आयर्लंडच्या डेटा संरक्षण आयोगानं मेटाला ९ कोटी १० लाख युरोंचा दंड केला. या चुकीला दुर्बलतांच्या जागतिक यादीत स्वतःचा क्रमांक आहे, सीडब्ल्यूई-५३२. म्हणजे चूक नवी नाही आणि अनोळखीही नाही.

मग झाकायचं कसं? पहिला विचार येतो तो शब्दांच्या यादीचा: पासवर्ड, ओटीपी, आधार, टोकन दिसलं की तारे टाका. ही यादी आपल्याकडे हमखास फसते. रोमन लिपीत 'आधार' हा एकच शब्द एकाच प्रोजेक्टमध्ये चार स्पेलिंगांनी लिहिलेला सापडतो, कारण तो तीन जणांनी तीन वर्षांत लिहिलेला असतो. मोबाइलसाठी मोब, मोबनो, फोन१, व्हॉट्सॲप-नंबर. पासवर्डसाठी पीडब्ल्यूडी, पास, पिन, एमपिन. यादीत नसलेलं प्रत्येक नवं नाव उघडं जातं, आणि गेलं हे कळतही नाही.

म्हणून उलट करा. काय झाकायचं याची यादी नको, काय लिहायचं याची करा. रिक्वेस्ट क्रमांक, रूटचं नाव, युजरचा अंतर्गत आयडी, स्टेटस कोड, लागलेला वेळ, एरर कोड, ॲपची आवृत्ती. यादीत नाही ते लॉगमध्ये नाही. पिनो, मोनोलॉग, पायथनचं लॉगिंग, लॉगबॅक, या लॉग लिहिणाऱ्या लायब्ररींत सगळीकडे हे एका ठिकाणी बसवायची सोय आहे: कुठे फॉरमॅटर, कुठे प्रोसेसर, कुठे फिल्टर. शब्दयादी आणि पॅटर्न त्यामागे दुसरी फळी म्हणून जरूर ठेवा. पॅन म्हणजे पाच अक्षरं, चार अंक, एक अक्षर, तो सहज पकडता येतो. मोबाइल म्हणजे ६ ते ९ नं सुरू होणारे १० अंक. आधार १२ अंकी, पण १२ अंक दिसले की झाकत सुटलात तर पावती क्रमांकही झाकले जातील. आधारचा शेवटचा अंक व्हरहोफ पद्धतीचा तपासणी-अंक असतो, तो पडताळून घेतला तर चुकीची धरपकड कमी होते. लॉगिननंतर मिळणारं जेडब्ल्यूटी टोकन ई-वाय-जे या तीन अक्षरांनी सुरू होतं, कारण तो बेस-६४ केलेला जेसन असतो. बेस-६४ म्हणजे एन्क्रिप्शन नव्हे, हे नव्या मुलांना एकदा उलगडून दाखवा. पतसंस्थेच्या खातेक्रमांकाला मात्र ठरलेली लांबी नसते, तिथे पॅटर्न हात टेकतो. म्हणूनच ती दुसरी फळी.

'आम्ही मोबाइल नंबर हॅश करून लॉग करतो' हे उत्तर बऱ्याचदा मिळतं. पहिला अंक चारपैकी एक, उरलेले नऊ कोणतेही: एकूण शक्यता ४०० कोटी. साधा शा-२५६ हॅश लावलेला नंबर चांगल्या ग्राफिक्स कार्डवर सगळ्या शक्यता मोजून काही सेकंदांत उलगडतो. सहा अंकी ओटीपीच्या तर जेमतेम १० लाख शक्यता. गुप्त की वापरून एचमॅक करा, किंवा त्याहून सोपं म्हणजे सभासदाचा अंतर्गत आयडी लिहा. नंबर हवा असेल तर तो डेटाबेसमधून काढता येतो, आणि तिथे कुणी काढला याची नोंद राहते.

वेब सर्व्हरच्या ॲक्सेस लॉगकडे कुणी बघतच नाही. एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या नेहमीच्या फॉरमॅटमध्ये क्वेरी स्ट्रिंगसकट पूर्ण रिक्वेस्ट असते, शिवाय रेफररही, म्हणजे आधीच्या पानाचा पत्ता. स्वतःचा लॉग फॉरमॅट लिहून रिक्वेस्टऐवजी फक्त यूआरआय घ्या, रेफरर वगळा. तरी एक उरतंच: लॅराव्हेलच्या पासवर्ड-रीसेट लिंकमध्ये टोकन क्वेरीत नसून पाथमध्येच असतं. ते डिफॉल्टनं ६० मिनिटांत संपतं आणि एकदा वापरलं की जातं, त्यामुळे धोका बेताचा. लॅराव्हेलच्याच सँक्टम पॅकेजच्या एपीआय टोकनांना मात्र डिफॉल्टनं मुदतच नसते. असं टोकन लॉगमध्ये गेलं तर ते कुणी रद्द करेपर्यंत चालतं. मुदत घाला.

मोबाइल ॲपवाल्यांसाठी थोडक्यात. ओके-एचटीटीपी या लायब्ररीचा लॉगिंग इंटरसेप्टर 'बॉडी' पातळीवर ठेवला की हेडर, टोकन, ओटीपी सगळं लॉगकॅटवर, म्हणजे अँड्रॉइड फोनच्या लॉगमध्ये, येतं. तो फक्त डीबग बिल्डमध्ये जोडा आणि तिथेही ऑथोरायझेशन हेडर झाका. फ्लटरमध्ये प्रिंट आणि डीबगप्रिंट दोन्ही रिलीज बिल्डमध्येही छापतात. नावात डीबग आहे म्हणून फसू नका. अँड्रॉइड ४.१ पासून एका ॲपला दुसऱ्याचे लॉग वाचता येत नाहीत हे खरं, पण बग रिपोर्टमध्ये आणि यूएसबी डीबगिंगवर ते दिसतात. एजंटांना एपीके व्हॉट्सॲपवरून वाटत असाल तर ती रिलीज बिल्ड आहे ना बघा. डीबग बिल्ड असली आणि फोनवर यूएसबी डीबगिंग चालू असलं तर केबलनं ॲपच्या खासगी फाइल्सही वाचता येतात.

बिल्ड आणि डिप्लॉयमध्ये दोन गोष्टी. शेल स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'सेट मायनस एक्स' राहिलं की प्रत्येक कमांड खऱ्या किमतींसह छापली जाते. आणि बिल्ड चालवणारं गिटहब ॲक्शन्स सीक्रेट्स (की, पासवर्ड) तारे टाकून झाकतं ते अक्षर-अक्षर जुळलं तरच. तेच सीक्रेट बेस-६४ करून किंवा तुकडे करून छापलं तर उघडं दिसतं. मार्च २०२५ मध्ये टीजे-ॲक्शन्सच्या चेंज्ड-फाइल्स या २३,००० हून जास्त रेपोंत वापरल्या जाणाऱ्या ॲक्शनमध्ये घुसखोरांनी नेमकं हेच केलं. सीक्रेट्स दोनदा बेस-६४ करून बिल्ड लॉगमध्ये छापली. ज्यांचे रेपो पब्लिक, त्यांचे लॉगही सगळ्यांसाठी खुले. बाहेरची ॲक्शन टॅगनं (आवृत्तीच्या नावानं) न घेता पूर्ण कमिट हॅशनं (नेमक्या त्या कोडच्या क्रमांकानं) घ्या. त्या प्रकरणात टॅगच घातक कोडकडे फिरवले होते.

सपोर्टचा भाग मात्र आपल्या खास सवयींचा आहे. 'एरर आली? स्क्रीनशॉट टाका, लॉग पाठवा.' क्लायंटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुमची मुलं, क्लायंटचे कारकून, कधीकाळी नोकरी सोडून गेलेले दोघे, सगळे असतात. तिथे आलेली लॉग फाइल प्रत्येकाच्या फोनवर उतरते आणि फोनच्या बॅकअपमध्येही जाते. लॉग मागवूच नका, रिक्वेस्ट क्रमांक मागवा. एरर पानावर तो मोठ्या अक्षरांत दाखवा, कारकुनाला तो फोनवर वाचून सांगता येईल इतका लहान ठेवा.

ब्राउझरमधून काढलेली एचएआर फाइल (पानानं केलेल्या सगळ्या रिक्वेस्टची नोंद) तर आणखी धोक्याची, कारण तिच्यात चालू सेशनची कुकी असते. ऑक्टोबर २०२३ मध्ये लॉगिन सेवा देणाऱ्या ऑक्टा कंपनीच्या सपोर्ट यंत्रणेत घुसलेल्यांनी ग्राहकांनी पाठवलेल्या अशाच फाइल्समधली सेशन टोकन वापरली. १३४ ग्राहकांच्या फाइल्सपर्यंत ते पोचले होते. क्लाउडफ्लेअर आणि वनपासवर्ड हे त्यातले. क्रोम १३० पासून एक्स्पोर्ट करताना कुकी आणि ऑथोरायझेशन हेडर डिफॉल्टनं गाळले जातात. दवाखान्यातला रिसेप्शनचा पीसी कोणत्या आवृत्तीवर आहे ते आधी विचारा. शिवाय गाळले जातात ते हेडर. रिस्पॉन्समधला रुग्णाचा रिपोर्ट तसाच राहतो. लॉगमधला जेसन 'सुंदर करायला' ऑनलाइन फॉरमॅटरच्या साइटवर चिकटवणंही बंद करा. एडिटरमध्ये तेच काम एका शॉर्टकटवर होतं.

यावर कुणी म्हणेल, मग लॉगच बंद करतो. ते चालणार नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे यंत्रणांचे लॉग १८० दिवस ठेवावे लागतात, आणि डेटा फुटल्याचं लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावं लागतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले; त्यातही लॉग वर्षभर ठेवण्याची तरतूद आहे. मुख्य जबाबदाऱ्या अधिसूचनेपासून १८ महिन्यांनी लागू होतात. वाजवी सुरक्षा न ठेवल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये. दंड कायद्यानं तुमच्या क्लायंटवर येईल, पण त्यांचा वकील करार काढून तो तुमच्यापर्यंत आणेल हे गृहीत धरा. तेव्हा लॉग ठेवायचेच आहेत. दोन वेगळ्या फाइल्स करा: कोण, कधी, कुठून आला आणि काय बदललं याचा सुरक्षा लॉग, जो वर्षभर राहील; आणि दुरुस्तीसाठीचा लॉग, जो १४ दिवसांत जाईल.

तुमच्या लॉगमध्ये आज काय आहे हे कळायला एक दुपार पुरते. स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीच्या सर्व्हरवर, एक खोटा सभासद तयार करा आणि त्याच्या प्रत्येक रकान्यात दुसरीकडे कुठेही सापडणार नाही अशी किंमत भरा. पासवर्ड विचित्र. आधार ० किंवा १ नं सुरू होणारा, कारण खरा आधार त्या अंकांनी सुरू होत नाही आणि कुणा खऱ्या माणसाशी टक्कर होत नाही. फॉर्मनं तो नाकारला तर उत्तमच, नाकारलेली इनपुट लॉगमध्ये जाते का हेही कळेल. मग सगळे मार्ग चालवा, आणि मुख्य म्हणजे मोडून चालवा: चुकीचा पासवर्ड, डुप्लिकेट मोबाइल, डेटाबेस बंद, एसएमएस गेटवेचा पत्ता मुद्दाम चुकवून टाइमआउट, पेमेंट गेटवेचा वेबहुक (पैसे भरल्याची आपोआप येणारी सूचना) दोनदा. वेबहुकच्या बॉडीत पैसे भरणाऱ्याचा ईमेल, मोबाइल आणि यूपीआय आयडी येतो, तो सबंध लॉग करायची सवय बऱ्याच जणांना असते. मग त्या किमती सगळीकडे शोधा: ॲप्लिकेशन लॉग, ॲक्सेस लॉग, मायएसक्यूएलचा स्लो क्वेरी लॉग, फेल्ड-जॉब्ज टेबल, क्रॅश टूल, फोनचं लॉगकॅट. गुंडाळलेल्या जुन्या फाइल्ससाठी झेडग्रेप ही कमांड. यूआरएल-एन्कोड केलेलं रूपही शोधा, आणि बेस-६४ मध्ये एकच किंमत आजूबाजूच्या अक्षरांप्रमाणे तीन वेगळ्या रूपांत दिसू शकते, ती तिन्ही शोधा. सुरळीत मार्गावर बहुधा काही सापडणार नाही. मोडलेल्या मार्गांवर सापडेल. ही चाचणी स्क्रिप्ट करून प्रत्येक रिलीजआधी चालवा.

प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे चालू सर्व्हरवर, सापडलं तर हात लगेच डिलीटकडे जातो. थांबा. आधी गळती बंद करा, कोड दुरुस्त करून चढवा. मग फुटलेली की, टोकन, पासवर्ड बदला, सेशन रद्द करा. फाइल पुसली तरी बाहेर गेलेली की चालूच राहते, त्यामुळे बदलणं पुसण्याच्या आधी. मग ती फाइल कुणी कुणी उघडली याचा माग ॲक्सेस लॉगमध्ये काढा, तेवढ्यासाठी मूळ फाइलची एक प्रत कुलूपबंद ठेवा. क्लायंटला कळवा, कारण सहा तासांचं घड्याळ त्यांचंही आहे. साफसफाई शेवटी, आणि तेव्हा बॅकअप, जुन्या झिप, माजी कर्मचाऱ्यांचे लॅपटॉप यांच्यासकट.

राहिली एक हरकत, जी रास्त आहे: रात्री साडेनऊला पतसंस्थेच्या व्यवस्थापकाचा फोन येतो, दिवसाचा हिशेब जुळत नाही, आणि झाकलेल्या लॉगमधून काही कळत नाही. त्यासाठी सविस्तर लॉग चालू करायची सोय जरूर ठेवा, पण सगळ्यांसाठी नाही. एका सभासद आयडीपुरता, ३० मिनिटांसाठी, वेळ संपली की आपोआप बंद, कुणी आणि कशासाठी चालू केला याच्या नोंदीसह, वेगळ्या फाइलमध्ये, जी २४ तासांत जाईल. त्यातही पासवर्ड आणि ओटीपी झाकलेलेच राहतील, कारण हिशेब जुळवायला त्या दोघांचा काही उपयोग नाही. डीबग मोड मात्र प्रॉडक्शनवर 'पाच मिनिटांसाठी' म्हणूनही चालू करू नका. डॉट-एन्व्हमधली ती ओळ परत फॉल्स करायची राहून जाते, आणि तोवर प्रत्येक एरर पान आतला कोड आणि रिक्वेस्टमधली माहिती समोर येईल त्या पाहुण्याला दाखवत बसतं.

पुढच्या वर्षाच्या एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) कोटेशनमध्ये 'लॉग तपासणी, तिमाहीतून एकदा' अशी एक ओळ स्वतंत्र रकमेसह घाला. क्लायंट विचारेल हे कशाला. तेव्हा त्याला स्टेजिंगवरच्या खोट्या सभासदाचा सापडलेला पासवर्ड दाखवा.

आपले,
सर्व्हर आणि सुरक्षेचं काम करणारे काही जण,
सोलापूर